रांजणगावच्या विंचवाचं कूळ

पुण्याहून नगर रस्त्याने या, नाहीतर दौंडहून चौफुला-न्हावऱ्यावरून. रांजणगाव आलं की हात जोडले जातात ते महागणपतीला. याच गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फियाटच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये नाकावर विंचू मिरवणारी एक गाडी बाजारात आली. अबार्थ पुंटो. अंगकाठी नेहमीच्या पुंटोचीच. पोटात मात्र १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, आणि किंमत दहा लाखांच्या जरा आत. घरच्या साध्या गाडीला अंगापेक्षा मोठं काळीज बसवायची ही खोड शिरूर तालुक्यातली नव्हे. तिचं मूळ शोधायला व्हिएन्नापर्यंत जावं लागतं.

१९०८ च्या नोव्हेंबरात तिथे कार्ल अबार्थ जन्मला. रास वृश्चिक, म्हणून पुढे गाडीवर विंचू. मोटरसायकल शर्यतींत नाव कमावलं, पण अपघातानंतर ते सुटलं. महायुद्धाचा काळ ल्युब्लियानात गेला, युद्धानंतर मुक्काम इटलीतल्या मेरानोत आणि कार्लचा झाला कार्लो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या माणसाला अक्षरशः लागू पडतं. मग तो चिसितालिया या छोट्या रेसिंग कंपनीत शिरला. ती बुडाली, आणि तिच्या उरल्यासुरल्या गाड्या घेऊन १९४९ मध्ये त्याने बोलोन्यात स्वतःचं दुकान मांडलं. लवकरच ते तुरिनला हललं. दुकान चाललं ते मात्र सायलेन्सरवर. फियाटच्या छोट्या गाड्यांना अबार्थचा सायलेन्सर लावला की आवाज भारदस्त व्हायचा आणि थोडी ताकदही वाढायची. त्या कमाईवर शर्यतीच्या गाड्यांचा खर्च भागायचा.

या गाड्यांचं अंग ॲल्युमिनियमचं असे, आणि ते हातोडीने घडवलेलं. आज लिलावात अशा गाड्यांपुढे पैसेवाले रांगा लावतात, म्हणून ॲल्युमिनियम ही श्रीमंती वाटते. मुळात ती अडचणीतून काढलेली वाट होती. पोलादी पत्रा प्रेसमध्ये दाबून दार किंवा बॉनेट काढायचं तर आधी साचे लागतात, आणि साच्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. वीस-पंचवीस गाड्या करणाऱ्याला लाकडी ठोकळा, हातोडी आणि कसबी कारागीर एवढंच परवडतं. ॲल्युमिनियम मऊ, हाताखाली वळणारं. वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. शिवाय ठोकता ठोकता ते कडकही होतं. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला मठार मारताना तांब्याचं हेच होतं.

पोर्शेचीही सुरुवात अशीच झाली. १९४८ पासून ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड-गिरणीत, ‘३५६’ नावाच्या पन्नासेक गाड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून हाताने घडल्या. कंपनी १९५० मध्ये श्टुटगार्टला परतली, मागणी वाढली, आणि रॉयटर या कारखान्याकडून पोलादी अंगं येऊ लागली. हलका पत्रा मागे पडला तो ऑर्डरी वाढल्या म्हणून.

अबार्थला खरा सूर सापडला फियाट ६०० मध्ये. १९५५ ची ही मागे इंजिन असलेली कौटुंबिक गाडी. तिचा तळ आणि यंत्रसामग्री घेऊन त्याने इंजिन ७४७ सीसीचं केलं, आणि मिलानच्या झागातोने वर ॲल्युमिनियमचं अंग चढवलं. उगो झागातो विमानांच्या कारखान्यातून आलेला, म्हणजे वजनाचा हिशेब त्याच्या हाडीमासी. छत इतकं खाली घेतलं की माणसांची डोकी टेकायला लागली. मग दोघांच्या डोक्यांवर छताला दोन फुगवटे काढले. बाक आल्याने पातळ पत्रा ताठही झाला.

पुढे पोर्शेलाच जुन्या वाटेची आठवण झाली. पोलादी ३५६ शर्यतीत जड पडायला लागली होती. १९६० साठी अबार्थकडे काम गेलं, फ्रांको स्कालिओनेने आकार काढला आणि इटलीत जेमतेम वीसेक ॲल्युमिनियमची अंगं तयार झाली: कारेरा जीटीएल. पहिली गाडी पावसात गळायची म्हणतात, आणि उंच चालकाला आत मान वाकवावी लागे. तरी त्याच वर्षी टार्गा फ्लोरिओ आणि ल माँ या दोन्ही शर्यतींत ती आपल्या गटात पहिली आली. गळक्या छताचं कौतुक करावं ते अशाच वेळी.

१९७१ मध्ये फियाटने अबार्थ विकत घेतली. कार्लो १९७९ मध्ये वारला. विंचू काही काळ निव्वळ बिल्ल्यापुरता उरला, आणि २००७ मध्ये फियाटने तो पुन्हा स्वतंत्र नाव म्हणून बाहेर काढला. त्याच सुमारास रांजणगावात टाटा आणि फियाट यांची भागीदारी उभी राहत होती. २००९ मध्ये तिथली पुंटो भारतीय रस्त्यावर आली. सहा वर्षांनी तिलाच विंचू मिळाला.

कार्लोचा बेत इथे शब्दशः पाळला गेला: फियाटची घरगुती गाडी घ्या, इंजिन चढवा, जमिनीला जरा जवळ आणा, चारही चाकांना डिस्क ब्रेक द्या. अंग मात्र साच्यातून आलेल्या पोलादाचं, शेजारच्या साध्या पुंटोसारखंच, आणि ते बदलण्याचं कारणही नव्हतं. साचे तयार होते. गिऱ्हाईक मोजकंच मिळालं. दशक संपता संपता पुंटो बंद झाली, तोवर २०१७ पासून त्याच आवारातून जीप कंपास निघू लागली होती, उजव्या स्टिअरिंगच्या देशांत निर्यातही होत होती.