खर्जाचे मानकरी

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या रंगभूमीचे प्रमुख केंद्र. तिथल्या मंडळ्या गावोगावी जातात आणि नाटक रात्रभर चालते. अशा एखाद्या गावाकडे रात्री जंगलातल्या वाटेने जाऊ लागले, की एक गोष्ट हमखास जाणवते. नटाचे शब्द कळत नाहीत, गायिकेचा तारस्वर अजून पोहोचलेला नसतो. पण डग्ग्याचा घुमारा मात्र आधीच कानी आलेला असतो. याला कारण आहे. उंच स्वरांचे ध्वनी हवेत लवकर विरतात आणि झाडांच्या अडथळ्यात अडकतात. खालचे ध्वनी वळसा घेऊन दूरवर जातात. गाव जवळ आल्याची पहिली वर्दी खर्जच देतो. आणि पहाटे परतताना चर्चा कुणाची? नायकाची आणि गायिकेची.

हे आठवण्याचे निमित्त एका विद्यार्थ्याचा प्रश्न. रॉक संगीताचा नाद असलेल्या या मुलाने विचारले, ‘सर, बेस गिटार वाजवणाऱ्यांत थोर कोण आणि उगाच नावाजलेला कोण?’ प्रश्न मराठी विभागात अस्थानी वाटावा असा. पण थोडा विचार केल्यावर ध्यानात आले, की तो आपलाच आहे. समीक्षा आणि वाङ्मयेतिहास यांचा सारा व्यवहार ‘थोर कोण’ आणि ‘अवाजवी नावाजलेला कोण’ या दोन प्रश्नांभोवतीच तर फिरतो.

ज्यांना या वाद्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेस गिटारला सामान्यतः चार तारा असतात आणि त्या नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एका सप्तकाने खाली लावलेल्या असतात. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि माणसाच्या उंचीच्या अवजड डबल बेसची जागा हळूहळू या वाद्याने घेतली. त्याचे काम दुहेरी. एकीकडे ते ढोलवादकाबरोबर लय धरते, दुसरीकडे गाण्याच्या स्वरसंगतीला पाया देते. पाया म्हटला की तो दिसायचा नाही, हे ओघाने आलेच. बीटल्समध्ये स्टुअर्ट सटक्लिफ 1961 साली बाहेर पडला, तेव्हा बेस पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला, कारण तो घ्यायला दुसरे कुणी उत्सुक नव्हते. पुढे त्याने त्या उरलेल्या वाद्यातून स्वतंत्र धून गाणारा खर्ज निर्माण केला, ही गोष्ट वेगळी.

आता ‘अवाजवी’ या शब्दाकडे येऊ. पहिले नाव सुचते ते सिड व्हिशसचे. तो 1977 साली सेक्स पिस्टल्समध्ये आला. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत मात्र बेसचा बहुतांश भाग गिटारवादक स्टीव्ह जोन्स यानेच वाजवला. 1979 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सिड गेला आणि त्याची छबी अमर झाली. वाद्य त्याच्या गळ्यात होते, एवढ्यावरच तो बेसवादकांच्या यादीत बसतो. याउलट ‘द हू’चा जॉन एंटविसल. 1965 सालच्या ‘माय जनरेशन’मध्ये त्याने बेसवर चक्क एकल वादनाचे तुकडे घेतले. तो फार वाजवतो, असा आक्षेप काही जण घेतात. आम्हाला तो मान्य नाही. त्या वाद्यवृंदात गिटार आणि ढोल दोन्ही बेभान. अशा वेळी खर्जानेच गाण्याची वाट सांभाळली. वादक थांबला तर काय कोसळेल, ही आमची कसोटी. एंटविसल थांबला असता तर ‘द हू’ कोसळले असते. सिड थांबला असता तर एक छायाचित्र कमी झाले असते.

या कसोटीवर सर्वांत वर ठेवावा असा वादक म्हणजे डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन. मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य लोकप्रिय गाण्यांत त्याचा बेस आहे, आणि तो प्रामुख्याने एकाच बोटाने, उजव्या तर्जनीने, वाजवलेला आहे. मॅकार्टनीसारख्यांनी त्याचे ऋण मान्य केले. पण मोटाऊनच्या वेष्टनांवर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती. मार्व्हिन गे याच्या 1971 सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर जेमर्सनचे नाव आले, तोवर त्याच्या उमेदीचा काळ सरत आला होता. 1983 साली तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 2000 साली त्याला स्थान दिले, तेही ‘साथीदार’ या वर्गात!

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या मुंबईकडे पाहावे. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हयात वेचली. श्रेयनामावलीत बहुधा संगीतकाराचे नाव, फार तर साहाय्यकांचे. अँथनी गोन्साल्विस हे नाव अवघ्या देशाला ठाऊक झाले ते 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या पात्रामुळे. ते गोव्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे, प्यारेलाल यांच्या गुरूंचे नाव आहे, हे कितीजणांना माहीत होते? राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात रॉकचा खर्ज आणणारे टोनी वाझ यांचे नावही जाणकारांपलीकडे गेले नाही. ग्रेगरी बूथ या संशोधकाने वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या पडद्यामागच्या जगाची सविस्तर नोंद झाली.

याच जगातले चरणजित सिंग. बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड वाजवणारे हे मुंबईचे वादक. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेऊन दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावरची तबकडी काढली. ती फारशी कुणी ऐकली नाही. त्या यंत्रांपैकी टीबी-303 हे बेसवादकाची उणीव भरून काढण्यासाठीच बनवले होते. खऱ्या बेसची सर न आल्यामुळे 1984 पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या याच यंत्रातून शिकागोच्या तरुणांनी पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार घडवला. त्याची पहिली प्रसिद्ध तबकडी 1987 सालची. 2010 साली चरणजितांची तबकडी पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य रसिकांनी त्यांना या प्रकाराचा जनक ठरवले. उतारवयात परदेशी कार्यक्रम झाले. 2015 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

इथे आमचे मत काहींना रुचणार नाही. ‘जनक’ ही पदवी अवाजवी आहे. शिकागोच्या मुलांपर्यंत ती तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही; आधी घडणे आणि परंपरा सुरू करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची, म्हणून तिला पहिली मराठी कादंबरी म्हणण्याचा प्रघात आहे. पण मराठी कादंबरीचा ओघ वळवला तो हरिभाऊ आपट्यांनी, हे आपण वर्गात शिकवतोच. मात्र पदवी नाकारल्याने चरणजित लहान होत नाहीत. उलट प्रश्न असा पडतो, की एका अपवादात्मक तबकडीपायी ज्यांना जगाने ओळखले, त्यांनी गाण्यांमागे वर्षानुवर्षे धरलेल्या खर्जाची नोंद कुठे आहे? एकच माणूस एका जागी अतिनावाजलेला आणि दुसऱ्या जागी पूर्ण दुर्लक्षित असू शकतो. गुणवत्तेचा वाद म्हणून आपण जे भांडतो, ते पुष्कळदा नोंदींचे भांडण असते. ज्याचे नाव छापले गेले, त्याच्याविषयी मतभेद तरी संभवतात. ज्याचे छापलेच नाही, तो ना थोर ठरतो, ना अवाजवी.

झाडीपट्टी रंगभूमीलाही अलीकडे मान मिळू लागला आहे. गडचिरोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हा सर्वांना रास्त अभिमान आहे. आता पाळी साथीदारांची. त्या विद्यार्थ्याला आम्ही अद्याप यादी दिलेली नाही. एवढेच सांगितले आहे, की या हंगामात नाटक पाहायला जाशील तेव्हा मध्यंतरात वादकांपाशी जा, डग्ग्यावर कोण बसले आहे ते विचार आणि वहीत नाव, गाव, तारीख लिहून आण.