साडेतीन मिनिटांची भैरवी

माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी पृथ्वीपासून सगळ्यात लांब गेलेल्या वस्तूवर गोव्याच्या एका बाईंचा आवाज आहे. १९७७ साली 'व्हॉयेजर' ही दोन यानं निघाली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली होती. बारा इंचांची. तिच्यात जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत, एकूण साधारण दीड तास. त्यात भारतातला तुकडा एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. लांबी साडेतीन मिनिटं.

एवढी माहिती रीलमध्येही मिळते. ती तबकडी तिथवर कशी पोचली, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

निवड समितीचे प्रमुख होते कार्ल सेगन. त्यांना ही भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने. अडचण अशी की, रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गेली होती. समितीतल्या अ‍ॅन ड्रुयान यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. ते खोकं आधीच रद्दीत गेलं असतं, तर भारताच्या वाट्याला दुसरंच काहीतरी आलं असतं.

केसरबाईंचा जन्म १८९२चा, गोव्यातल्या केरी गावचा. १९२१पासून त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, ते थेट १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत. खुद्द खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी मात्र निघालीच नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. त्यांच्या गाण्यात किती जीव होता, हे आज आपल्याला फक्त वाचता येतं.

त्या पिढीचा तबकडीवर विश्वास का नव्हता, हे समजण्यासारखं आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला नोव्हेंबर १९०२मध्ये, कलकत्त्यात. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत असे. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळायला हवं होतं. मैफलीत जो राग तासभर खुलायचा, त्याचं तीन मिनिटांत काय उरणार?

वादाला दुसरी बाजूही आहे. लहानपणी भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेड लागलं आणि ते गुरूच्या शोधात घर सोडून पळाले, असं त्यांच्या चरित्रात येतं. तबकडीत नुसता सांगाडाच उरत असेल, तर एवढ्याशा पोराने घर कशापायी सोडलं असेल?

मी सॉफ्टवेअरवाला. मला हे सगळं कॉम्प्रेशनसारखं दिसतं. एमपीथ्री फाइल लहान करताना कानाला जे जाणवणार नाही ते टाकून देतात. तीन मिनिटांसाठी गाणारा कलाकारही काहीतरी टाकतच असतो. काय टाकायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तो स्वतः ठरवतो. केसरबाईंनी विस्तार टाकला, पण सुराला त्याचा वेळ दिला. खुला आकार, लांब दमसास. घड्याळ समोर असूनही घाई कुठेच ऐकू येत नाही.

व्हॉयेजरच्या त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन आहे. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय अंध गायक १९२७ साली गायला. शब्द नाहीतच, नुसतं गुणगुणणं, कण्हणं आणि गिटार. त्यालाही घड्याळ होतंच, तरी एकेक कण्हणं पूर्ण संपल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. अमेरिकेत ज्याला 'सोल' म्हणतात आणि आपल्याकडे 'जीव ओतून गायलं' म्हणतात, ते मला इथे सापडतं. सूर संपेपर्यंत गाणारा हलत नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. पण वाद घालायला हे दोन आवाज हाताशी आहेत, कारण कुणीतरी खोकी सांभाळून ठेवली.

दुर्मीळ असणं ही वेगळी गोष्ट. फ्रँक विल्सनच्या १९६५च्या एका सोल रेकॉर्डच्या मोजक्याच प्रती उरल्या होत्या. २००९ साली त्यातली एक पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ती किंमत उरलेल्या प्रतींची होती. गाण्यात जीव किती, हे लिलावात कळत नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईतल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने १९९०पासून केलं. सुरेश चांदवणकर हे भौतिकशास्त्रातले गृहस्थ त्यात पुढे होते. मुंबईच्या 'यंग इंडिया' या देशी कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात दहा हजारांहून अधिक गाणी काढली, त्यातली बहुतेक नव्या आणि हौशी कलाकारांची. कंपनी बंद पडली, पुढे कॅसेट निघाल्या, सीडी निघाल्या, पण ही गाणी पुन्हा कुणी काढली नाहीत. शेवटी संग्राहकांनी घरोघरच्या तबकड्या जमवल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्यांचं डिजिटल रूप केलं.

आता मराठवाड्याकडे येतो. आमच्या नायगावसारख्या गावांत घरोघरी ग्रामोफोन नव्हता, पण कॅसेट होती. भजनी मंडळं, गोंधळी, भीमगीतं, माळेगावच्या यात्रेतले वाघ्या-मुरळी. यातलं कितीतरी लहान कंपन्यांनी काढलं, कितीतरी घरच्याच टेपवर भरलं गेलं. या कॅसेटचा लिलाव होत नाही, म्हणून त्या कुणी जपतही नाही. टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजतोय. उद्या या गाण्यात जीव होता की नुसता गोंगाट, असा वाद निघाला, तर आपल्याकडेही भास्करबुवांसारख्या फक्त आठवणी असतील.

काम अवघड नाही. चालू टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपला जोडायची, 'ऑडासिटी' हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडायचं, आणि फाइल एमपीथ्रीत न ठेवता वेव्हमध्ये ठेवायची. जी टेप वर्षानुवर्षं वाजली नाही, ती आधी एकदा पुढे-मागे फिरवून घ्यायची. कव्हरचा फोटो काढायचा. आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून. गौहर जानला आपलं नाव स्वतः सांगता आलं. आपल्या कॅसेटवरच्या बहुतेकांनी ते सांगितलेलं नाही.