सूप, वीज आणि दमट हवा

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं रेल्वे स्टेशन. कचारगडच्या यात्रेला जाणारे इथे उतरतात. आजूबाजूला जंगल आणि धानाची शेती. मळलेलं धान वाऱ्यावर उफणलं की भरीव दाणा जवळ पडतो, फोल लांब उडतं. वारा पडला की काम थांबतं. निवडण्याची यंत्रं आली, तरी ही अडचण सुटली नाही. ती फक्त बदलली.

अमेरिकेतल्या गिरण्याही कोंडा वाऱ्यानेच वेगळा करायच्या, फक्त वारा पंख्याचा असायचा. त्यातून पिठाची धूळ उडायची आणि ती पेटते. 2 मे 1878 रोजी मिनियापोलिसच्या वॉशबर्न गिरणीत अशा धुळीचा स्फोट झाला, 18 जण गेले. 1880 मध्ये थॉमस ऑस्बोर्न आणि किंग्सलँड स्मिथ यांनी वाऱ्याशिवाय चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कडक रबराचे रूळ लोकरीवर घासायचे. त्यांच्यावर स्थिर वीज जमते आणि हलका कोंडा वर खेचला जातो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसंच.

आता हाच खेळ भर पावसाळ्यात करून बघा. कंगवा कपटे जेमतेम उचलतो. दमट हवेत वस्तूवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि वीज त्यातून निसटून जाते. वाऱ्याच्या जागी वीज आली, तशी पडलेल्या वाऱ्याच्या जागी दमट हवा आली.

म्हणून या पद्धतीचा पुढचा इतिहास बराचसा वाळवण्याचा आहे. कन्याकुमारीजवळ मनवलकुरिचीला समुद्राच्या वाळूतून इल्मेनाइट, झिरकॉन, मोनाझाइट वेगळे करतात. तिथे वाळू विजेच्या रुळांवर जाण्याआधी वाळवली जाते. जर्मनीत खतासाठीचं पोटॅश मिठापासून असंच वेगळं काढतात. त्यासाठी हवेतला दमटपणा आणि तापमान तर सांभाळतातच, शिवाय कणांवर थोडं रसायनही चढवतात, म्हणजे दोन्ही पदार्थ हमखास विरुद्ध विजेचे होतात.

आज याची खरी गरज कचऱ्याला आहे. पाण्याच्या बाटल्या पेट प्लास्टिकच्या असतात. त्यांच्या चुऱ्यात थोडं जरी पीव्हीसी मिसळलं, तरी वितळवताना आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा पडतो. पाण्यात टाकून उपयोग नाही. दोन्हींची घनता जवळपास सारखी, दोन्ही बुडतात. पण एकमेकांवर घासले तर पीव्हीसी ऋण होतं, पेट धन. मग हजारो व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून चुरा खाली सोडला की दोघं दोन बाजूंना वळतात.

मात्र चुरा कोरडा हवा, धुतलेला हवा, तुकडे साधारण सारखे हवेत. फार बारीक धूळ पट्ट्यांना चिकटते, मोठे तुकडे सरळ खाली पडतात. एकाच प्लास्टिकचा भरणा जास्त असेल, तर कण आपल्याच जातीवर घासतात आणि नीट भारले जात नाहीत.

गोंदियासारख्या भागात, जिथे पावसाळाभर हवा ओली असते, असं यंत्र आणायचं तर आधी ड्रायरचा आणि त्याला लागणाऱ्या विजेचा हिशेब मांडायला हवा. नाहीतर जून ते सप्टेंबर ते शोभेला उभं राहील आणि प्लास्टिक निवडायचं काम पुन्हा कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातांवर येईल. वारा पडल्यावर थांबायचं असतं, हे धान उफणणाऱ्याला माहीत असतं. यंत्र विकत घेणाऱ्यालाही आपलं यंत्र कधी थांबणार, हे आधीच माहीत हवं.