धारोष्ण

गेल्या वर्षी मामा कोल्हापूरकडच्या गावाहून आमच्याकडे नेरुळला आले, ते कमरेला पट्टा बांधूनच. चार महिने कंबर दुखतेय, संध्याकाळी कणकण, रात्री घामाने बनियन ओला. एमआरआयमध्ये कमरेचे दोन मणके आणि मधली चकती खराब दिसली. आपल्याकडे मणक्याचं इन्फेक्शन म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. गावी टीबीच्या गोळ्या सुरूही झाल्या होत्या.

इथल्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "घरी जनावरं आहेत? एखादी गाभडली होती का?" मामा चमकले. म्हैस गाभडली होती, आणि वार त्यांनीच उघड्या हातांनी काढली होती. रक्त तपासलं. ब्रुसेलोसिस.

यातली मेख अशी, की टीबीवरचं रिफाम्पिसिन या जंतूवरही चालतं. त्यामुळे थोडा उतार पडू शकतो आणि रोग तसाच राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज गेला, बग तिथेच.

मग दोन वीकांत मी याच्याच मागे लागलो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने महिनोन् महिने अंथरुणाला खिळायचे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू शोधल्याचं जाहीर केलं. पण तो येतो कुठून? याचं उत्तर मिळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने प्रयोगासाठी म्हणून शेळ्या तपासल्या, तर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तातच आजाराची खूण! आणि तिथे शेळ्या दारोदार नेऊन, गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत. ताजं, बिनपाण्याचं, आणि म्हणून शुद्ध!

१९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. गावातले लोक मात्र तेच दूध पीत राहिले. तिथे पाश्चराइज्ड दूध सुरू व्हायला १९३८ साल लागलं. जंतूला नाव मिळालं ब्रूसचं, ब्रुसेला. झॅमिटचं नाव किती जणांनी ऐकलंय? असो.

हे वाचताना मला सारखा कोल्हापूरचा गंगावेशीतला दूध कट्टा आठवत होता. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ पेला हातात. धारोष्ण दूध म्हणजे ताकद, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मीही सुट्टीत मामांबरोबर मिशा रंगवून प्यायलोय. म्हैस निरोगी असेल तर हा रोग होत नाही. पण माल्टाच्या शेळ्याही निरोगीच दिसत होत्या.

२०१९ पासून सरकारी मोहिमेत कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस देतात. मामांच्या म्हशीच्या वेळी ती कुणी टोचली होती का, हे त्यांना आठवत नाही.

तीन महिने डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन घेऊन मामा आता पट्ट्याशिवाय चालतात. निघताना आई म्हणाली, "दादा, दूध उकळूनच प्यायचं हं." मामा चपला घालत म्हणाले, "उकळतो गं. पण तालमीतल्या पोरांना कोण सांगणार?"