ॲनोड : चढणीची वाट

बॅटरीचं संगणकावर प्रतिरूप उभं करताना सीमा-अटी द्याव्या लागतात. एका इलेक्ट्रोडला शून्य विभव, दुसऱ्याला ठरावीक प्रवाह, बंद भिंतींतून प्रवाह शून्य. दोन्हीकडे नुसता प्रवाहच दिला, तर विभवाला आधार उरत नाही आणि उत्तर एकमेव राहत नाही. त्यातही चिन्ह चुकायला नको असेल, तर ‘ॲनोड’ म्हणजे काय हे पक्कं हवं.

हा शब्द १८३४ सालचा. केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएल यांनी तो मायकेल फॅरडे यांना सुचवला. ग्रीक ‘आना’ म्हणजे वर, ‘होडोस’ म्हणजे वाट. पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह फॅरडे यांनी कल्पिला होता. त्याच दिशेने द्रावणातला प्रवाह ठेवला, तर तो जिथून आत शिरतो ती बाजू सूर्योदयाची. म्हणून ॲनोड ही चढणीची वाट, कॅथोड उतरणीची.

या व्युत्पत्तीत धन-ऋण कुठेच नाही. पाठ्यपुस्तकातला ‘धनाग्र’ विद्युत अपघटनात चपखल बसतो. पण वीज देणाऱ्या घटात ॲनोड हाच ऋण ध्रुव असतो. तेव्हा अट लिहिताना ध्रुवाचं चिन्ह पाहू नका, ऑक्सिडीकरण कुठे होतं ते पाहा; तोच ॲनोड.