मकबऱ्याच्या दारावरची दोन नावं

मंडळी, वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढणाऱ्यांना वरच्या लेण्यातला नागनिका राणीचा लेख ठाऊक असतो. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं यांचे आकडे तिथे दगडात कोरलेत. आकड्यांची तशीच एक गोष्ट छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत आहे. आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात, 'गरिबांचा ताज' ऐकून परत येतात.

बीबी का मकबरा ही औरंगजेबाची बेगम दिलरस बानूची कबर. ती १६५७ मध्ये वारली. आता औरंगजेबाचं नाव आलं म्हणून लगेच कमेंटमध्ये भांडू नका, गोष्ट त्याची नाहीच!

गोष्ट आहे अताउल्ला रशीदीची. याचा बाप उस्ताद अहमद लाहोरी, म्हणजे ताजमहालाचा मुख्य स्थपती. ताजशी तुलना व्हायचीच, घरातलंच काम ते. पण अताउल्ला आधी गणिती. तिकडे आग्र्यात ताज उभा राहत होता, आणि १६३४-३५ मध्ये या पठ्ठ्याने एक संस्कृत ग्रंथ फारसीत आणून शाहजहानला अर्पण केला. ग्रंथ कोणता? भास्कराचार्यांचं 'बीजगणित'. अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देऊन समीकरणं सोडवणारं, बाराव्या शतकातलं.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. कन्नडचा घाट उतरलं की पाटण. म्हणजे ज्यांचं गणित अताउल्लाने फारसीत नेलं, त्यांच्या नातवाचा मठ होता त्या मुलखाला लागूनच त्याने पुढे ही इमारत बांधली.

खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याची नोंद आहे. ताजचा आकडा कोटींत सांगतात. म्हणून इथे संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला. मधे आपलाच काळा दगड, वरून गुळगुळीत गिलावा. कंजूषपणा म्हणा हवं तर, मला तर एवढ्या पैशात एवढं उभं करणं हाच हिशेब भारी वाटतो.

'बीजगणिता'च्या फारसी भाषांतरावरून स्ट्रेचीने केलेलं इंग्रजी पुस्तक १८१३ मध्ये आलं, कोलब्रुकचं थेट संस्कृतवरून केलेलं १८१७ मध्ये. इंग्रजांच्या हाती भास्कराचार्य आधी फारसीतून पडले ते असे.

सहल नेणाऱ्या गुरुजींनो, मुख्य दरवाजावरचा लेख पोरांना दाखवा. त्यात बांधणाऱ्यांची दोन नावं आहेत : स्थपती अताउल्ला, अभियंता हंसपतराय.