मँचेस्टरचे इंजिन आणि वाशीमचा पेंटियम

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी शकुंतला ज्यांनी पाहिली, त्यांना कारंज्याचे स्टेशन नक्कीच आठवत असेल. अडीच फुटी रूळ, बैलगाडीशी शर्यत लावणारा वेग आणि पुढे झेडडी जातीचे वाफेचे इंजिन. हे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले, १९२३ मध्ये इकडे कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ एकच यंत्र वऱ्हाडच्या उन्हापावसात राबले. कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा आमच्याकडे आले.

जिल्हा नवा झाला, त्याच्या आगेमागेच गावोगाव संगणक येऊ लागले. त्याच दिवसांत मला एक छंद लागला होता. कारंज्याच्या कापूस बाजारात, जिनिंगमध्ये आणि या छोट्या रेल्वेच्या आसपास आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठायचे, त्यांच्याशी बोलायचे आणि ते लिहून काढायचे. अशा चौदा मुलाखती झाल्या. पुस्तक काढायचे म्हणून वाशीममधल्या एका डीटीपीवाल्याकडे त्या टाइप करून घेतल्या. पुस्तक काही निघाले नाही. हस्तलिखित एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. त्या चौदा जणांपैकी आज कोणीही हयात नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्या डीटीपीवाल्या भाऊंचा फोन आला. “सर, तुमचं ते जुनं काम ज्याच्यात हाये ना, तो कॉम्प्युटर आता कबाड्याले देऊन राहिलो. पाह्यचं असन त या.” मी दुपारची बस पकडली.

त्या पेंटियमकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे. कारण जुना संगणक सांभाळून वापरणे ही आपल्याकडे गरिबाने नव्याने शोधलेली युक्ती नाही. आपल्या देशातल्या संगणकयुगाची सुरुवातच बऱ्याच अंशी जुन्या यंत्रांवर झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक चालू झाला, हा आपला अभिमानाचा भाग. बाजारात मात्र राज्य होते आयबीएमचे. या कंपनीचे १४०१ हे मॉडेल अमेरिकेत १९५९ साली आले. पुढे तिकडच्या ग्राहकांनी वापरून परत केलेली अशी यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, इथल्या कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना भाड्याने दिली जात. विकत नव्हे, भाड्याने. यंत्र कंपनीचे, त्याच्या आतले ज्ञानही कंपनीचेच. सत्तरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर बरेच कोरडे ओढले.

त्या टीकेत ‘आपल्या माथी भंगार मारले’ असा सूर होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण यंत्र जुने असणे हा मला फार मोठा दोष वाटत नाही. शकुंतलेचे इंजिनही जुनेच होते की. खरा दोष हा होता की, ज्याच्या कचेरीत ते यंत्र उभे होते त्याला ते उघडून पाहण्याची मुभा नव्हती.

ती मुभा मिळाली एका भांडणातून. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करायला सांगितले. आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. कोका-कोला गेल्याचे आपल्याला अजून आठवते, आयबीएम गेल्याचे फारसे कोणाला आठवत नाही. पण कोका-कोला गेल्याने कोणाचे पगारपत्रक अडले नाही. इथे मात्र यंत्रे मागे राहिली आणि कर्ता निघून गेला.

ती जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीवर आली. नावातच ‘मेंटेनन्स’ असलेली कंपनी, किती सरळ नाव! देशभरात आठशेच्या वर ठिकाणी असलेली आयबीएमची यंत्रे तिच्या अभियंत्यांनी चालती ठेवली. सुटे भाग मिळवायचे, नाही मिळाले तर पर्याय शोधायचा, एका बंद यंत्रातले काढून दुसऱ्यात बसवायचे. दुसऱ्याने बनवलेले यंत्र उघडून समजून घेत ही माणसे तयार झाली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था याच कंपनीने उभी केली. आपण खिडकीवर तिकीट काढतो, त्यामागे त्या जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत घासलेले हात आहेत.

दुसरी सवलत आपल्याला ऑगस्ट १९८१ ने दिली. आयबीएमनेच त्या महिन्यात आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला आणि त्याची रचना बरीचशी उघडी ठेवली. कोणत्याही कारखान्याचे कार्ड त्या खाचेत बसावे, कोणाचाही वीजपुरवठ्याचा डबा जोडता यावा, अशी. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ‘असेम्बल्ड’ संगणक देशभर पोहोचला आणि रिसोड, मंगरूळपीरसारख्या गावांतही तो दुरुस्त करणारी पोरे तयार झाली. मराठीचेही तसेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ कार्ड हे असेच खाचेत बसवायचे. ते बसवले की इंग्रजीखेरीज काही न जाणणारा डॉसचा संगणक देवनागरी लिहू लागे. यंत्र टाकून न देता त्याला नवी भाषा शिकवण्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता त्या दुपारकडे येतो. भाऊंनी संगणक टेबलावर ठेवला होता, त्यावर बोटभर धूळ. बटन दाबले तर नुसती शिटी. भाऊंनी झाकण काढले, मेमरीच्या पट्ट्या उपसल्या आणि मुलाच्या दप्तरातला खोडरबर घेऊन त्यांचे सोनेरी दात घासले. दुरुस्तीचे हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात नसेल, पण ते चालते. दातांवर चढलेला मळ निघाला की विजेचा स्पर्श पुन्हा जुळतो. दुसऱ्यांदा यंत्र जागे झाले. तारीख दाखवत होते १ जानेवारी १९८०. आतला नाण्याएवढा सेल संपला की बिचाऱ्याला काळाचे भान राहत नाही. तो सेल मनगटी घड्याळे विकणाऱ्याकडेही मिळतो.

मला वाटले होते, फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या की काम झाले. तसे नसते. आम्ही हार्ड डिस्क काढून, एक जोडणी वापरून माझ्या लॅपटॉपला लावली. फाइली दिसल्या, उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता पाचोळा. त्या काळी मराठी टाइप व्हायचे ते युनिकोडमध्ये नव्हे. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्याची आतली सांकेतिक मांडणी वेगळी. तो मजकूर वाचायला तेच सॉफ्टवेअर हवे आणि ते सॉफ्टवेअर उघडायला संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी लावायचा छोटा डोंगल हवा. ती जागाच नव्या संगणकांना नसते. म्हणजे माझ्या म्हाताऱ्यांचे बोलणे त्या एका टिनाच्या डब्यात कोंडलेले होते. डबा कबाड्याकडे गेला असता तर हार्ड डिस्क हातात असूनही उपयोग नव्हता.

डिस्क पुन्हा जागेवर बसवली. डोंगल भाऊंच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या खाली सापडला. पहिली मुलाखत उघडली तेव्हा, खरे सांगतो, मी खुर्ची ओढून बसलो. आधी कागदावर छापून घेतले, मग परिवर्तकातून युनिकोड केले. रफार भलत्याच अक्षरावर चढून बसले होते, ते हाताने उतरवण्यात तीन महिने गेले. चौदापैकी अकरा मुलाखती मिळाल्या.

या प्रकारानंतर मी एका शाळेच्या कोठीत डोकावलो. दहाएक संगणक रचून ठेवलेले, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद, निर्लेखनाची वाट पाहणारे. बंद पडलेले त्यांतले थोडेच. बाकीचे नुसते ‘चालत नाहीत’, म्हणजे नवे विंडोज त्यांच्यावर चढत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ठरावीक सुरक्षा-चिप व अलीकडचा प्रोसेसर मागते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, थोडी मेमरी वाढवली आणि लिनक्स टाकले, तर टंकलेखन, हिशेब, वाचन यासाठी असा संगणक सहज पाच वर्षे काढतो. शाळेत तेवढेच तर हवे असते.

सगळेच वाचवावे असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते आणि तो वीजही भरपूर खातो. तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे गेलेलाच बरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावाबाहेर तांब्यासाठी वायरी जाळल्याचा तो काळा धूर मात्र आजही दिसतो. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरचाही धीर कधीतरी संपतोच. लिनक्सने ३८६ प्रोसेसरची साथ २०१२ मध्ये सोडली. २०२५ च्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर देणे थांबवले. शकुंतलेच्या इंजिनाचा बुश झिजला तर लेथवर नवा वळवता येत होता. चिप लेथवर वळवता येत नाही, हा फरक मान्य करायलाच हवा.

तो पेंटियम भाऊंनी कबाड्याला दिला नाही. दुकानाच्या माळ्यावर तो झाकून ठेवला आहे, डोंगल मागे दोऱ्याने बांधून. रिसोडचे एक मुद्रक मध्यंतरी आपल्या जुन्या स्मरणिकेच्या फाइली घेऊन आले होते, त्यांचेही काम झाले. माझ्या उरलेल्या तीन मुलाखती तीन फ्लॉपींवर आहेत. दोहोंवर बुरशी धरली आहे. तिसरी ड्राइव्हमध्ये घातली की बराच वेळ कुरकुर करते, फाइलीचे नाव दाखवते आणि थांबते. ती एका जिनिंगमधल्या फिटरची मुलाखत आहे.